फाट्यावरची रबरी बाई

निजामोद्दीन सरांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण त्यांनी काढलेलं माणूस कधी कुणाला ओळखू आलं नाही. झाड काढलं तर झाड कळायचं, घागर काढली तर घागर कळायची. माणूस काढला की बघणारा मान तिरकी करून विचारायचा, "सर, हे कोण?" मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभाला सरांनी त्यांचं चांगलं हातभर उंचीचं चित्र करून दिलं. मुख्याध्यापकांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारलं, आभार मानले आणि खाली बसल्यावर हळूच विचारलं, "हे आपले संस्थापक का?" फार कशाला, लग्न ठरल्यावर सरांनी फोटोवरून होणाऱ्या बायकोचं चित्र काढून जालन्याला सासरी पाठवलं होतं. तिकडून उलट निरोप आला की मुलाची थोरली बहीण चांगली दिसते, पण तिचं लग्न अजून का झालं नाही.

त्या चित्रातली बाई, म्हणजे रहिमुन्निसा, आता त्रेसष्ट वर्षांची होती आणि साडेचार महिने झाले, तिने घरासमोरचा रस्ता ओलांडला नव्हता.

सरांचं घर वाटूर फाट्यावर, अगदी रस्त्याला लागून. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, झुंबरबाईचं घर. बारा एकर रान, दोन म्हशी आणि एक मोतीबिंदू अशी झुंबरबाईची मालमत्ता. या दोघींची मैत्री चाळीस वर्षांची. दुपारी तीन वाजता दोघींनी मिळून चहा प्यायचा, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, हा नेम सरांच्या नोकरीपेक्षा जुना होता आणि त्यांच्या नोकरीपेक्षा जास्त इमानाने पाळला गेला होता. मग रस्ता रुंद झाला, चकचकीत झाला, आणि त्यावरून गाड्या अशा जाऊ लागल्या की जणू परतूरला आग लागली आहे आणि ती विझवायला प्रत्येकाला एकट्यालाच बोलावलं आहे. त्यातच रहिमुन्निसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पलीकडे मोतीबिंदू, अलीकडे गुडघा, मधे चार पदरी रस्ता. नेम तरीही सुटला नाही. तीन वाजले की दोघी आपापल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, बशी उंच करून एकमेकींना दाखवायच्या आणि मग प्यायच्या.

एके दिवशी तीनच्या ठोक्याला सरकीच्या पोत्यांनी भरलेले सात ट्रक ओळीने मधे उभे राहिले. पाऊण तासाने ते हलले तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. रहिमुन्निसाच्या हातातली बशी तशीच होती, वर साय धरलेली. सर बाहेर आले तर ती पदराने डोळे पुसत होती.

"क्या हुआ जी?"

"कुछ नै. धूल गई आँख में."

धूळ दोन्ही डोळ्यांत एकदमच गेली होती. सरांना सगळं सोसायचं, बायकोचं रडणं तेवढं सोसत नसे. ते ताडकन म्हणाले, "दसरे तक तुमको उस बाजू की चाय पिलाता मैं. जबान है मेरी!"

"तुम्हारी जबान पे भरोसा है जी," रहिमुन्निसा म्हणाली. "ड्राइवरां के ब्रेक पे नै."

झालं. दसऱ्याला तेव्हा अडीच महिने होते आणि सरांना वाटलं, एवढ्यात काय, ताजमहाल बांधायचा थोडाच आहे. एक पाटी लावायची. रस्त्याच्या मधोमध, भक्कम, टिकाऊ, 'माणसं रस्ता ओलांडतात, थांबा' अशी. दोन दिवसांचं काम.

रीतसर माणूस असल्यामुळे सर आधी तालुक्याला रस्त्याच्या ऑफिसात गेले. तिथे राधेश्यामबाबू नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, उलटा करून पाठीमागेही पाहिला आणि विचारलं, "दररोज किती लोक ओलांडतात?"

"पुष्कळ."

"पुष्कळ हा आकडा नाही, सर. तीन दिवसांची मोजणी जोडा."

सर परत आले. घरासमोर खुर्ची, मांडीवर वही, कानावर पेन्सिल अशा थाटात ते तीन दिवस मोजत बसले. शेजारच्या कचरूला पहिल्या दिवशी दुपारी कळलं की सर का बसलेत. कचरू म्हणजे फाट्यावरचा झेंडूवाला शेतकरी, मनाने फार मोठा. "सर, आकडा वाढावा आसं तुमाला वाटून राह्यलं ना? मंग म्या कशाला हाय?" असं म्हणून तो तीन दिवस, कामधंदा सोडून, रस्ता ओलांडत राहिला. जाताना डावा हात वर करायचा, येताना उजवा. सरांनी त्याला नोंदवायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग सद्सद्विवेकबुद्धीने प्रश्न विचारला की तो ओलांडतो आहे हे तर खरं ना? शेवटी आकडा निघाला एक हजार दोनशे चार माणसं, त्रेपन्न शेळ्या. त्यात कचरू एकटा एकशे साठ.

राधेश्यामबाबूंनी तक्ता मन लावून पाहिला. "छान अक्षर आहे," ते म्हणाले. मग चष्मा वर केला. "एक हजार दोनशे चार जण सुखरूप ओलांडतात. म्हणजे तिथे अडचण काही दिसत नाही."

सर बसमधून परत येताना खिडकीबाहेर बघत राहिले. रुपयाचे अठरा आणे करणारी गणितं मुलांना शिकवणारे मास्तर त्यांनी पाहिले होते, पण असं उत्तर कुणी काढलेलं त्यांना आठवेना. बदनापूरला त्यांचे एक साडू कारकून होते, त्यांच्याबद्दल सरांच्या मनात उगीचच राग दाटून आला.

घरी आल्यावर त्यांनी अर्ज फाडला नाही, कारण ते रीतसर माणूस होते. पाटी मात्र करायला घेतली. पत्र्याची पाटी, तेलाच्या डब्यात सिमेंट भरून त्यात उभी केली आणि सकाळी आठला रस्त्याच्या मध्यावर ठेवली. बाराला ती तिथे नव्हती. संध्याकाळी ती कचरूच्या शेळ्यांच्या गोठ्यावर, गळत होतं नेमकं त्या जागी सापडली.

"उडून आल्ती, सर," कचरू म्हणाला. "म्या म्हनलं, वरच्यानं धाडली."

इथे भागवत पुढे सरसावला. भागवत सरांचा दुसरा शेजारी, जालना एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात फोरमन. रोज मोटारसायकलने जायचा-यायचा आणि जगातल्या बहुतेक अडचणी लोखंड कमी पडल्यामुळे होतात असं त्याचं मत होतं. त्याच्या घरातलं पोळपाटसुद्धा लोखंडी होतं. त्याची बायको ज्योत्स्ना सांगायची की पाहुणे आले की ते दोघांनी मिळून उचलावं लागतं.

"पत्रा? सर, पत्र्याचा काय भरवसा?" तो म्हणाला. "टिकाऊ पायजे आसंल तर लोखंड. पंचवीस एमएमची सळई, तीन फूट खाली, चार फूट वर. हत्ती धडकला तरी हत्तीच इचार करंल."

हत्ती नाही, पण एक आराम बस धडकली. पाटीला ओरखडासुद्धा नाही. बसचा आरसा गेला, उजव्या अंगाचा पत्रा सोलून निघाला. बेचाळीस प्रवासी खाली उतरले आणि पाटी कुणी लावली असं विचारलं. सर खोटं बोलू शकत नव्हते. मग त्या बेचाळीस जणांनी आळीपाळीने त्यांना रस्तासुरक्षेवर व्याख्यान दिलं. एका बाईंनी तर "या वयात शोभतं का?" असंही विचारलं. जमादार आले, त्यांनी सांगितलं की सर, रस्त्यात लोखंड रोवणं हा गुन्हा आहे, तुम्ही माझ्या पोराचे मास्तर म्हणून सोडतो. खांब उपटायला जेसीबी आणावा लागला. खांब निघाला, पण जमिनीत रुतलेली त्याची लोखंडी बैठक काही निघाली नाही. भागवत बाजूला उभा राहून अभिमानाने बघत होता.

सर तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बशी घेऊन दारात जाताना रहिमुन्निसा म्हणाली, "जाने दो जी. दूर से पियो तो भी चाय चाय रैती." हे तिने समजुतीसाठी म्हटलं होतं, पण सरांच्या काळजात ते जाऊन बसलं.

चौथ्या दिवशी हारुन आला. फाट्यावर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. तो सरांचा विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा. शाळेत तो सरांपेक्षा चांगलं चित्र काढायचा आणि म्हणून सरांनी त्याला कायम शंभरात बावन्न गुण दिले होते. हारुनने ते कधी मनात धरलं नाही.

"सर, लोहा अकड़ता है," तो उकिडवा बसत म्हणाला. "अकड़नेवाले को ठोकर लगतीच है. आपको ऐसी पाटी होना, जो गिरना भी और उठना भी. रबर."

त्याच्याकडे बियाण्याच्या कारखान्यातून आलेला पोत्यांच्या सरकत्या पट्ट्याचा जुना तुकडा पडला होता. बोटभर जाड, काळा, पुरुषाच्या खांद्याला लागेल एवढा लांब. भागवतच्या त्या अमर बैठकीवर हारुनने तो चार नटांनी उभा आवळला. मग स्वतः जीप आणून त्यावर घातली. पट्टा वाकला, जमिनीला टेकला, जीप वरून गेली आणि तो डुलत डुलत पुन्हा उभा राहिला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कचरूने आणखी तीनदा जीप घालायला लावली.

आता चित्र. रबरावर ऑइलपेंटने रस्ता ओलांडणारं माणूस काढायचं, खाली 'थांबा' लिहायचं. पण माणूस कसा? कचरूचं म्हणणं धोतरवाला काढा, धोतराला लोक मान देतात. ज्योत्स्ना म्हणाली, लेकरू कडेवर घेतलेली बाई काढा. हारुन म्हणाला, हात वर केलेला हवालदार काढा, चालान के डर से रुकेंगे. भागवत म्हणाला, काहीही काढा पण बॉर्डर लोखंडी लावा. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक सर्वसाधारण तरुण स्त्री काढली. साडी नेसलेली, एक हात उंचावलेला, चेहरा नितळ, डोळे पाणीदार. दोन दिवस खपले. त्यात रंग संपला, म्हणून पाटीची मागची बाजू कोरीच राहिली.

"सर, हे कोन हाय?" कचरूने मान तिरकी करून विचारलं.

"कोणीच नाही. सर्वसाधारण स्त्री."

"मला तर मंठ्याच्या बसचा कंडक्टर वाटून राह्यला."

ज्योत्स्नाला ती कुठल्याशा शाम्पूच्या पुडीवरची बाई वाटली. रहिमुन्निसाने काठी टेकत येऊन, ओसरीत वाळत ठेवलेल्या त्या बाईकडे नीट पाहिलं.

"ये कौन है जी?"

"कोई नै," सर म्हणाले.

"हौ? फिर तो बराबर है."

आयुष्यात पहिल्यांदाच सरांचं माणसाचं चित्र जसं हवं तसं जमलं होतं, पण त्याचा आनंद कसा मानायचा ते त्यांना समजेना. त्यांनी पाटी बसवली आणि तिच्याकडे परत जायचं नाही असं ठरवलं. घरातून तशीही तिची फक्त कडच दिसायची, कारण चित्राचं तोंड मंठ्याकडून येणाऱ्या गाड्यांकडे होतं. झुंबरबाईच्या दारातूनही कडच दिसायची. रस्त्यात एक काळी रेघ उभी आहे, एवढंच.

पुढच्या महिन्याभरात त्या बाईने काय भोगलं ते तिलाच ठाऊक. ओव्हरटेक करणारे तिच्या अंगावरून जायचे. ऊसतोडीच्या ट्रॉल्या, बियाण्याचे टेंपो, वऱ्हाडाच्या जीपा. बाई पडायची, उठायची. गाड्या थांबत मात्र नव्हत्या. फार तर मागे वळून बघायच्या. रहिमुन्निसा दारातून रोज विचारायची, "खड़ी है क्या जी अभी?" आणि सर म्हणायचे, "खड़ी है." दसरा जवळ येत होता. सरांना रात्री झोप लागेना झाली, कारण त्यांनी जबान दिली होती आणि रबराची बाई उभी राहण्यापलीकडे काही करत नव्हती.

पण पाटीवर एक गोष्ट घडत होती, आणि ती सरांनी पाहिली नव्हती. पट्टा दर वेळी वाकला की रंगाला तडा जायचा. कपाळावर आडव्या रेघा पडल्या. गालांवर जाळी पसरली. तोंडाशी घडी पडून ओठ आत गेले, तेव्हा दात पडल्यासारखं दिसू लागलं. एक खडा उडून डाव्या डोळ्यावर बसला आणि तिथला काळा रंग गेला, मागे पांढुरका ठिपका राहिला. खालचं 'थांबा' चाकांनी पुसून गेलं. त्या नितळ तरुण स्त्रीची महिन्याभरात पंचाहत्तर वर्षांची म्हातारी झाली. नुसती म्हातारी नाही, हुबेहूब झुंबरबाई.

दसऱ्याच्या सकाळी भागवतने नेहमीप्रमाणे हत्यारांची, यंत्रांची पूजा केली. मोटारसायकलला हार, ग्राइंडरला हार, पोळपाटाला हार. शेवटचा एक हार उरला. त्याला आठवलं, रस्त्यातली ती बैठक आपलीच, आपलं सर्वांत टिकाऊ काम. घाईघाईने जाऊन त्याने पाटीच्या मागून कचरूच्या झेंडूचा तो दोन पदरी हार पाटीवर चढवला आणि दोन्ही हात जोडले. तो मागच्या बाजूने गेला, मागूनच आला. पुढे काय आहे ते त्यानेही पाहिलं नाही.

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. फाट्यावर ज्याचा चेहरा लागतो त्याचा एक तर वाढदिवस असतो, नाही तर तो गेलेला असतो. झुंबरबाईचा वाढदिवस खुद्द झुंबरबाईलाही माहीत नव्हता. आणि वर हार. शंकेला जागाच नव्हती. शिवाय दिवस दसऱ्याचा. मंठ्याकडून, परतूरकडून लोक आपट्याची पानं घेऊन या गावाहून त्या गावाला निघालेले. फाट्यावर येताच गाड्या हळू व्हायच्या. ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा. मग पुढच्या गावात जाऊन सांगायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखे ऱ्हावा, आन् वाटूरची झुंबरबाई कधी गेली वो?" दुपारपर्यंत झुंबरबाई तीन तालुक्यांत गेली होती.

नातेवाईक लोटले. पहिला आला तो तिचा चुलतदीर. डोळे पुसत अंगणात शिरला तर समोर झुंबरबाई म्हशीला पाणी पाजते आहे. आता माणसाने काय करावं? "तुम्ही मेलात म्हणून आलो" असं सणाच्या दिवशी म्हणता येत नाही. त्याने खिशातून आपट्याचं पान काढलं आणि म्हणाला, "सोनं द्याया आल्तो." झुंबरबाईने त्याला चहा दिला. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांचे चेहरे उतरलेले, सगळे गडबडून सोनं देऊन ओसरीत बसलेले. तीन वाजेपर्यंत ओसरीत चाळीस माणसं आणि ढीगभर आपटा जमला. झुंबरबाईला भरून आलं. एवढी माया आपल्यावर लोकांची आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. चुलीवर चहाचं पातेलं चढवता चढवता ती तीन वाजता दारात येऊन बसायचं विसरली.

इकडे रहिमुन्निसा बशी घेऊन बसली होती. समोरची खुर्ची रिकामी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मात्र एकेक करून आत जात होती. तिने झुंबरबाईच्या मोबाइलवर फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. सगळा तालुका तिथे फोन करून झुंबरबाई कधी गेली हे झुंबरबाईलाच विचारत होता, आणि तिला ऐकू कमी येत असल्यामुळे ती प्रत्येकाला "सकाळीच, सकाळीच" म्हणून सांगत होती, कारण तिला वाटत होतं ते रानातून कधी आलीस असं विचारताहेत. एवढ्यात ज्योत्स्ना सोनं द्यायला आली आणि पान हातात ठेवता ठेवता तिचा बांध फुटला. "काकू, आपल्या झुंबरबाई गेल्या वो!"

रहिमुन्निसाच्या हातातली बशी पडली. ती उठली. काठी तिथेच राहिली. सर आतून "अजी रुको! रुको तो!" करत धावले, पण ती सात महिन्यांत पहिल्यांदा रस्त्यावर उतरली होती आणि तिने डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडेही पाहिलं नाही.  मंठ्याकडून एक ट्रक येत होता. सरांनी डोळे मिटून घेतले.

ट्रकचा वेग हारापाशी आपोआपच कमी झाला होता. ड्रायव्हरने पाटी पाहिली, रडत येणारी म्हातारी पाहिली, आणि कुणीतरी जवळचं असणार असं समजून ट्रक थांबवला. वर टोपीही काढली. रहिमुन्निसा रस्त्याच्या मध्यापर्यंत, पाटीपाशी आली आणि पाटीचा आधार घेऊन उभी राहिली. सर धापा टाकत तिच्या मागे पोचले.

नेमक्या त्याच वेळी झुंबरबाईच्या अंगणात तिच्या बहिणीचा मुलगा अण्णासाहेब पोचला होता. अण्णासाहेबाला हळू रडणं माहीत नव्हतं. तो फाटकापासूनच "मावशेऽऽ, मला सोडून कशी गेलीस गंऽऽ" असा टाहो फोडत आत आला आणि चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या मावशीच्या गळ्यात पडला. आता सोन्याचं पान काढून भागणार नव्हतं.

"कोन गेलं रं?" झुंबरबाईने विचारलं.

ओसरीतल्या चाळीस माणसांनी चहात तोंडं घातली. शेवटी चुलतदीराने हळूच रस्त्याकडे बोट दाखवलं. "त्या पाटीवर तुमचाच फोटू हाय, वर हार घातल्याला."

झुंबरबाई किटलीसकट निघाली. "कोन त्यो मुडदा! कोनी लावला माजा फोटू! जित्या मानसाला हार घालतो व्हय!" अशी पल्लेदार आरोळी ठोकत ती रस्त्यावर उतरली. जालन्याकडून परत येणाऱ्या जीपवाल्याने सकाळी मंठ्याकडून जातानाच या बाईसाठी कपाळाला हात लावला होता. आता तीच बाई किटली परजत समोरून येताना दिसली तेव्हा त्याने जो ब्रेक मारला, तसा त्या जीपला आयुष्यात कधी लागला नव्हता. मागच्या सगळ्या गाड्या तशाच थांबल्या. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा झाला आणि दोघी पाटीपाशी समोरासमोर आल्या.

रहिमुन्निसा तिच्या अगदी जवळ गेली. मग तिने झुंबरबाईचा दंड चाचपला, गाल चाचपला.

"झुंबरबाई... तुम्ही तर गेल्या ना?"

"कुटं जाऊ? चहा ठिवलाय." झुंबरबाईचा आवाज एकदम खाली आला. "आगं माय. रहिमा, तू चालत आलीस? काठी कुटंय तुजी?"

"काठी?" रहिमुन्निसाने आपल्या हातांकडे पाहिलं. आणि मग ती रडायला लागली, हसायलाही लागली, आणि झुंबरबाईने किटली रस्त्यावर ठेवून तिला मिठी मारली. सरांनी चष्मा काढून पुसला. धूळ फार होती त्या दिवशी.

मग दोघी पाटीच्या समोर गेल्या. झुंबरबाईने एक डोळा बारीक करून चित्र पाहिलं. "ही बया कोन?"

"तुम्हीच."

"म्या आशी दिसते?"

"बिलकुल," रहिमुन्निसा म्हणाली.

झुंबरबाईने पाटीला नाक लावून पुन्हा पाहिलं. "डोळा बराबर हाय," तिने शेवटी कबूल केलं. "हार बी ब्येस हाय."

सर पुढे झाले आणि त्यांनीही, महिन्याभरात पहिल्यांदा, आपलं चित्र पाहिलं. एकतीस वर्षांची नोकरी, संस्थापक झालेले मुख्याध्यापक, लग्न न झालेली थोरली बहीण, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. तीन तालुक्यांनी एका नजरेत ओळखलं असं माणूस त्यांनी काढलं होतं! फक्त त्यातलं त्यांचं काय होतं आणि ट्रकांचं काय होतं, हे त्यांना नक्की ठरवता येईना.

दोघी तिथेच बोलत उभ्या राहिल्या. सात महिन्यांचं साचलेलं होतं. गुडघ्यात घातलेली वाटी कसली, म्हशीला रेडकू झालं ते कोणत्या वारी, मोतीबिंदूचं कधी करायचं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती, पण दहा मिनिटं एकानेही हॉर्न वाजवला नाही, कारण नुकत्याच गेलेल्या बाईवर हॉर्न कोण वाजवणार? शेवटी मागून एक मोटारसायकलवाला वाजवायला लागला. झुंबरबाई गर्रकन वळली.

"दम धर की रं! म्या आत्ताच म्हागारी आले!"

त्याने गाडीच बंद केली. ते राधेश्यामबाबू होते, मागे बायको, मधे मिठाईचा डबा. ते खाली उतरून पुढे आले, पाटी पाहिली, बैठक पाहिली, रांग पाहिली. सरांना वाटलं, आता गुन्हा. राधेश्यामबाबूंनी फक्त खिशातून पेन काढलं, पण कागद नव्हता, म्हणून परत ठेवलं आणि सरांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"चला," झुंबरबाईने किटली उचलली. "चाळीस मानसं बसलीत, तुमचा चहा निवून जाईल." आणि ती रहिमुन्निसाचा हात धरून पलीकडे निघाली. सरांची जबान दसऱ्याच्या दिवशी, तीन वाजून पंचवीस मिनिटांनी पुरी झाली.

फक्त त्या दोघी पलीकडे पोचताच गाड्या सुटल्या आणि सर मधेच अडकले. वीस मिनिटं ते हार घातलेल्या पाटीला धरून उभे होते. जाणारे लोक गाडी हळू करून त्यांच्याकडे बघत होते. एकाने खिडकीतून हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "काका, धीर धरा," तो म्हणाला. "बाई चांगल्या होत्या." सरांनी मान हलवली. एवढ्या जणांना समजावत कुठे बसणार?

पंधरा दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं. सरांनी ते ओसरीत मोठ्याने वाचलं. 'सदर फलकामुळे वाहनांचा वेग कमी झाल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले आहे. तथापि फलक अनधिकृत असल्याने हटविणे आवश्यक आहे. तथापि तो हटविल्यास वेग पुन्हा वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब, पुढील आदेशापर्यंत फलक जैसे थे ठेवावा आणि फलकावरील व्यक्तीचा हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये या कार्यालयास सादर करावा.'

"दाखला कशाला?" झुंबरबाई म्हणाली. "रोज तीन वाजता येऊन बघ म्हनावं."

आणि ते खरंच आहे. रोज तीन वाजता, एक दिवस झुंबरबाई इकडे येते, एक दिवस रहिमुन्निसा तिकडे जाते. मंठ्याकडून येणारे ड्रायव्हर बाईला ओळखतात आणि थांबतात. जालन्याकडून येणारे मात्र अजून थोडं टाळाटाळ करतात, कारण त्यांच्याकडे पाटीची कोरी बाजू येते. तेव्हा रहिमुन्निसानेच विषय काढला की त्या बाजूला मला काढा, झुंबरबाई एकटी का उभी राहणार.

सरांनी नवा रंग आणला. फाट्यावर भर दुपारी, एका हाताने गाड्या थोपवत, त्यांनी बायकोला काढलं. चष्मा, नाकातली चमकी, डोक्यावरचा पदर, सगळं मन लावून. पूर्ण झाल्यावर रहिमुन्निसा आली, काठी न टेकता, आणि तिने बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं.

"ये कौन है जी?"

सरांनी शांतपणे ब्रश पुसला. या वेळी त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

"सबर करो," ते म्हणाले. "अभी नया है. दो-चार ट्रक जाने दो."